हुकलेल्या ठोक्याचा पुरावा

हृदयाच्या लयीतील बिघाड हा वैद्यकाच्या हातून फार काळ निसटत राहिलेला विकार आहे. गळू डोळ्यांना दिसते, ताप हाताला लागतो, मोडलेले हाड चाचपून कळते. परंतु छातीतली धडधड रुग्णाला मध्यरात्री किंवा जिन्याच्या चौथ्या पायरीवर गाठते आणि तो वैद्यापुढे बसेपर्यंत बहुधा ओसरलेली असते, त्यामुळे तपासणाऱ्याच्या हाती केवळ हकीकत उरते. म्हणूनच या विकाराच्या निदानाचा इतिहास हा प्रामुख्याने पुराव्याचा इतिहास आहे. ओसरून गेलेला ठोका पकडायचा कसा, त्यासाठी पाळत किती वेळ ठेवायची आणि पाळतीत काहीच सापडले नाही तर रुग्णाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा की नाही, हे प्रश्न त्यात पुन्हा पुन्हा उभे राहतात. मराठीत काळजाचा ठोका चुकतो तो भीतीने, व्याधीने नव्हे (काळीज हा शब्दही मुळात यकृताचा, मटणाच्या दुकानातील कलेजी त्या जुन्या अर्थाला अजून धरून आहे). धडधड म्हणजे भय हे समीकरण मात्र एकट्या मराठीचे नाही. पाश्चात्त्य दवाखान्यांतही ते चिवटपणे टिकले आणि त्याची किंमत रुग्णांनी मोजली.

भारतीय वैद्यकात नाडीपरीक्षेला आज जे मानाचे स्थान आहे, ते चरक व सुश्रुत यांच्या संहितांत दिसत नाही. नाडीचे तपशीलवार विवेचन तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमाराच्या शार्ङ्गधरसंहितेत येते आणि पुढे भावप्रकाश, योगरत्नाकर अशा ग्रंथांतून ते रूढ होते. अंगठ्याच्या मुळाशी तर्जनी, मध्यमा आणि अनामिका टेकवून वैद्याला जे जाणवते, त्याला शार्ङ्गधराने प्राण्यांच्या चालीची भाषा दिली: वाताची नाडी जळू किंवा सापासारखी वळवळणारी, पित्ताची कावळ्या-बेडकासारखी उड्या घेणारी, कफाची हंसासारखी किंवा पारव्यासारखी संथ. या परिभाषेत ठोक्यांच्या संख्येपेक्षा गतीच्या ढंगाला महत्त्व आहे, आणि त्या अर्थाने ती लयीचीच परिभाषा आहे. थांबत थांबत चालणारी नाडी प्राण घेणारी समजावी, असा इशाराही त्या ग्रंथात आहे. अडचण निरीक्षणात नव्हती. निरीक्षण अचूकच होते. परंतु थांबणाऱ्या नाडीमागे अगदी निरुपद्रवी कारण असू शकते तसे जीवघेणेही, आणि ही दोन्ही कारणे मनगटावरच्या बोटांना सारखीच लागतात.

युरोपात १७०७ मध्ये जॉन फ्लॉयर या इंग्रज वैद्याने नेमके एक मिनिट चालणारे घड्याळ नाडी मोजण्यासाठी वापरले आणि ठोक्यांना आकडा मिळाला. तरी आकड्याने वेग कळतो, बेताल नाडीचे कारण कळत नाही. डब्लिनमध्ये रॉबर्ट ॲडम्स यांनी १८२७ मध्ये आणि विल्यम स्टोक्स यांनी १८४६ मध्ये अतिशय मंद नाडी असलेल्या आणि वारंवार शुद्ध हरपणाऱ्या रुग्णांची वर्णने प्रसिद्ध केली, व ज्या झटक्यांचा उगम तोवर मेंदूत शोधला जात होता, त्यांचा संशय प्रथमच हृदयाकडे वळला.

खरे वळण मिळाले ते मोठ्या विद्यापीठात नव्हे, तर इंग्लंडच्या लँकेशर परगण्यातील बर्न्ली या गिरणगावात. जेम्स मॅकेन्झी १८७९ पासून तेथे साधी डॉक्टरकी करीत होते, आणि बेताल नाडीचा कोणता रुग्ण मरेल व कोणता म्हातारा होईल, हे सांगता येत नाही ही खंत त्यांना छळत होती. त्यांनी मनगटाच्या रोहिणीचा आणि मानेतील शिरेचा ठोका एकाच कागदावर एकाच वेळी उमटवणारे पॉलिग्राफ नावाचे यंत्र घडवले. सुरुवातीला काजळी धरलेल्या कागदावर ओरखडे उठत, पुढे जवळच्या गावातील एका घड्याळजीच्या कसबाने शाईची लेखणी आली. या जोडीमागील युक्ती मार्मिक होती. मनगटाचा ठोका हृदयाच्या खालच्या कप्प्यांचा, म्हणजे निलयांचा, वृत्तान्त सांगतो, तर मानेतल्या शिरेची लाट वरच्या कप्प्यांचा, म्हणजे अलिंदांचा. दोन्ही रेषा एकमेकींखाली ठेवल्या की वरचे आणि खालचे कप्पे परस्परांशी मेळ राखून आहेत की नाहीत, हे दिसू लागते.

या रेषांवरून ‘चुकलेल्या’ ठोक्याचे स्वरूपही स्पष्ट झाले. तो बहुतेक वेळा चुकलेला नसून वेळेआधी आलेला असतो: निलय पुरते भरण्यापूर्वीच आकुंचन पावतो, त्यामुळे मनगटापर्यंत लाट पोहोचत नाही, मग किंचित विराम पडतो आणि त्यानंतरचा ठोका भरलेल्या हृदयाचा असल्याने छातीत धाडकन आदळल्यासारखा वाटतो. असे आगंतुक ठोके निरोगी माणसांतही आढळतात, हे मॅकेन्झींनी तेच रुग्ण वर्षानुवर्षे पाहून दाखवले आणि केवळ नाडी अडखळते म्हणून अंथरुणाला खिळवलेल्या माणसांना पुन्हा कामाला लावले. निदानाचा अर्थ आजार शोधणे एवढाच घेतला जातो. मॅकेन्झींचे मोठे काम उलट दिशेचे, आजार नसल्याचे सिद्ध करण्याचे होते. धोक्याच्या प्रकारात मात्र ते स्वतः अडले. वर्षानुवर्षे पाहिलेल्या एका रुग्णाच्या मानेतली अलिंदाची लाट एकाएकी नाहीशी झाली आणि नाडी पूर्ण बेताल झाली, तेव्हा अलिंद लुळे पडले असावे असा तर्क त्यांनी केला. अलिंद लुळे नव्हते, ते थरथरत होते. एट्रियल फिब्रिलेशन या नावाने आज ओळखला जाणारा हा विकार १९०९ मध्ये लंडनचे थॉमस लुईस आणि व्हिएन्नाचे रॉथबर्गर व विंटरबर्ग यांनी विद्युत्‌लेखाच्या आधारे निश्चित केला.

हा विद्युत्‌लेख, म्हणजेच कार्डिओग्राम, लायडनच्या विल्लेम आइंटहोव्हेन यांचा. चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्‌झचा अतिसूक्ष्म तंतू प्रबळ चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ताणून धरायचा, हृदयाचा क्षीण विद्युत्‌प्रवाह त्यातून जाऊ द्यायचा आणि तंतूच्या कंपनाची सावली सरकत्या काचेवर टिपायची, अशी ही रचना होती. तंतू ओढण्यासाठी वितळलेले क्वार्ट्‌झ बाणाच्या शेपटाला चिकटवून बाण सोडला जाई. यंत्राचे वजन सुमारे २७० किलो, ते चालवायला पाच माणसे, आणि रुग्णाचे दोन्ही हात व एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवलेले. एवढे धूड रुग्णालयात हलवणे शक्य नसल्याने १९०५ मध्ये सुमारे दीड किलोमीटर अंतरावरील रुग्णालयापासून प्रयोगशाळेपर्यंत टेलिफोनच्या तारेने हृदयाचे ठोके आणण्यात आले, म्हणजे ज्याला आज टेलिमेडिसिन म्हणतात ते कार्डिओग्रामच्या जवळपास जन्मापासूनच सुरू झाले. जावा बेटावरील सेमारंग येथे जन्मलेल्या आइंटहोव्हेन यांना १९२४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्यांनी लाटांना दिलेली पी, क्यू, आर, एस, टी ही अक्षरे प्रत्येक कार्डिओग्रामवर आजही वाचली जातात.

आणखी एक डच धागा याच काळात गुंफला गेला. कारेल वेंकेबाख या डच डॉक्टरांकडे १९१२ मध्ये बेताल नाडीचा एक डच व्यापारी आला. हिशेब चोख ठेवणाऱ्या माणसाला हृदयाचा असा अव्यवस्थितपणा खपत नाही, अशी त्याची तक्रार होती, आणि हा बेतालपणा मोडणे आपल्या हाती नाही असे डॉक्टरांनी सांगताच, उद्या सकाळी नाडी सुरळीत करून येतो असे तो म्हणाला व तसा आलाही. झटक्याच्या वेळी सुमारे एक ग्रॅम क्विनाइन घेतले की लय जागेवर येते, हे त्याने स्वतःच हेरले होते. वेंकेबाख यांचे मोठेपण असे की त्यांनी हे हसण्यावारी न नेता १९१४ मध्ये प्रसिद्ध केले. १९१८ मध्ये वॉल्टर फ्राय यांनी सिंकोन्याच्या सालीतल्याच क्विनिडीनचा प्रभाव अधिक असल्याचे दाखवले आणि ते पुढे कित्येक दशके लयीचे प्रमुख औषध राहिले.

सर्वच रुग्णांचे म्हणणे मात्र असे ऐकले गेले नाही. फिलाडेल्फियाचे जेकब दा कोस्टा यांनी १८७१ मध्ये अमेरिकी यादवी युद्धातील तीनशेहून अधिक सैनिकांच्या धडधडीचे वर्णन ‘चिडखोर हृदय’ या नावाने केले. पहिल्या महायुद्धात तेच ‘सैनिकी हृदय’ झाले. यांतील पुष्कळांचे हृदय खरोखरच धडधाकट होते, परंतु ‘नसांचा त्रास’ हे लेबल एकदा प्रचारात आले की ज्याच्या धडधडीमागे काही सापडत नाही, त्या प्रत्येकाला ते चिकटवण्याचा मोह होतो. लुई वुल्फ, जॉन पार्किन्सन आणि पॉल व्हाइट यांनी १९३० मध्ये अकरा तरुण, एरवी निरोगी रुग्णांचा वृत्तान्त दिला, ज्यांच्या हृदयात एकाएकी वेगाचे झटके येत आणि एकाएकी थांबत. अलिंदांपासून निलयांकडे जाणारी जन्मजात चोरवाट हे त्याचे कारण, हे नंतर सिद्ध झाले, पण चोरवाट माहीत असूनही रुग्ण चुकत राहिले. अशा झटक्यांच्या १०७ रुग्णांचा एक अमेरिकी अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी दोनतृतीयांश रुग्णांची लक्षणे मानसशास्त्रातील घबराटीच्या विकाराच्या कसोट्यांत बसत होती, निम्म्याहून अधिक जणांचा विकार पहिल्या तपासणीत ओळखलाच गेला नव्हता, आणि मनाचे कारण पुढे केले गेले ते पुरुषांपेक्षा स्त्रियांच्या बाबतीत अधिक. हृदय मिनिटाला १८० वेळा धडधडू लागले तर घाम फुटतो, हातपाय कापतात, मृत्यू जवळ आल्यासारखे वाटते. अशा वेळी भीती हे कारण नसून परिणाम असतो, हा साधा क्रम उलटा वाचला गेला.

चूक केवळ मनाच्या बाजूने झाली नाही. नॉर्वेतील येरवेल आणि लांगे-नील्सन यांनी १९५७ मध्ये अशा कुटुंबाची नोंद केली की ज्यातील सहापैकी चार मुले जन्मतः बहिरी होती, त्यांना घेरी येऊन शुद्ध हरपत असे आणि तिघे त्यातच दगावली. त्यांच्या कार्डिओग्राममध्ये क्यू ते टी हे अंतर लांबलेले होते. असे लांबलेले अंतर असणाऱ्यांना नंतरही कितीदा तरी फेफरे आहे असे समजून त्याचीच औषधे दिली गेली.

या चुकांमागे हलगर्जीपणाइतकेच गणितही आहे. नेहमीचा कार्डिओग्राम साधारण दहा सेकंदांचा असतो, म्हणजे दिवसाच्या ८,६४० तुकड्यांपैकी एकाचा. आठवड्यातून एकदा दहा मिनिटे येणारा झटका त्यात सापडणे हा निव्वळ योगायोग. अमेरिकेतील मोंटाना राज्याच्या हेलेना या लहान शहरात नॉर्मन होल्टर या भौतिकशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकाअखेर हा प्रश्न दुसऱ्या टोकाने हाताळला: रुग्णाला यंत्राकडे आणण्याऐवजी यंत्र रुग्णाच्या पाठीवर दिले. पहिल्या रेडिओ-संचाचे वजन सुमारे ३८ किलो होते आणि तो पाठीला बांधून होल्टर स्वतः सायकल चालवत. १९६१ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला तोवर वजन पुष्कळ घटले होते. ‘होल्टर लावणे’ हा शब्दप्रयोग पुण्या-मुंबईच्या रुग्णालयांत आता ‘सोनोग्राफी काढणे’ इतकाच घरगुती झाला आहे: छातीला चिकटपट्ट्या, कमरेला डबी, चोवीस तास अंघोळीला सुट्टी आणि सोबत एक कागद. ‘दुपारी सव्वातीन, भाजी घेऊन जिना चढताना धडधड, दोन मिनिटे’ अशी नोंद त्यावर नसेल तर रेषेतला बिघाड आणि रुग्णाला होणारा त्रास यांचा संबंध जुळवता येत नाही.

काही विकार पाळतीलाही दाद देत नाहीत. स्पेनच्या ब्रुगाडा बंधूंनी १९९२ मध्ये वर्णिलेल्या विकाराची खूण पुष्कळदा कार्डिओग्रामवर लपलेली असते आणि ती बाहेर काढण्यासाठी अनेक युरोपीय रुग्णालयांत अजमलीन हे द्रव्य शिरेतून देतात. सर्पगंधेच्या मुळीतून ते १९३१ मध्ये दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमाँ सिद्दीकी यांनी वेगळे केले आणि संस्थेचे प्रवर्तक हकीम अजमल खान यांचे नाव त्याला दिले. याच वनस्पतीचा रक्तदाबावरील गुण मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात मांडला व तो जगभर गाजला. अजमलीनची कहाणी त्या मानाने उपेक्षितच राहिली.

२०१८ पासून काही मनगटी घड्याळेही कार्डिओग्राम काढतात. घड्याळाची पाठ एका मनगटाला टेकलेली, दुसऱ्या हाताचे बोट चावीवर, आणि तीस सेकंद निश्चल बसायचे. उमटते ती एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंतची रेषा, म्हणजे लायडनच्या मिठाच्या पाण्यातून निघालेली तीच पहिली जोडणी. यंत्र ठोके मोजते, त्यांतील अंतरे तपासते आणि एट्रियल फिब्रिलेशनचा संशय असल्यास तसे कळवते. त्या क्षणी छातीत काय झाले, हे मात्र रुग्णाला त्या रेषेखाली स्वतःच भरावे लागते.