बुरुजाचा कळस गेला कुठे?

शनिवारची सकाळ, हातात चहा आणि लॅपटॉपवर ऑफिसच्या मेल्सऐवजी चक्क रेम्ब्रांटची चित्रं! त्यातल्या एका बुरुजापाशी अडकलो, ते दुपारपर्यंत..

अ‍ॅमस्टरडॅममध्ये कालव्याच्या काठावर मॉन्टेलबान्सटोरेन नावाचा बुरूज आहे. शहराच्या रक्षणासाठी १५१६ मध्ये बांधलेला. १६०६ मध्ये त्यावर उंच, नक्षीदार कळस चढवला. गंमत म्हणजे रेम्ब्रांटचा जन्मही १६०६ चाच. म्हणजे कळसाशिवायचा हा बुरूज त्याने आयुष्यात पाहिलेलाच नाही. १६३९ पासून तर तो तिथून जवळच राहायचा. तरीही १६४० च्या दशकात त्याने काढलेल्या रेखाचित्रात कळस नाही! नुसता जुना, ठेंगणा, दणकट बुरूज.

विसरला असेल? मला नाही वाटत. कारण साधारण १६५१ च्या एका एचिंगमध्ये त्याने पुन्हा तेच केलंय, आणि तिथे तर पुरावाच आहे.

एचिंग म्हणजे काय, तर तांब्याच्या पत्र्यावर मेणासारखा थर द्यायचा, त्यावर सुईने चित्र कोरायचं आणि पत्रा आम्लात बुडवायचा. उघड्या पडलेल्या रेषा आम्ल खातं. मग त्यात शाई भरून कागदावर छाप घ्यायचे. मध्येच पत्र्यात बदल केला, की पुढच्या छापांना नवी 'स्टेट' म्हणतात. आपल्या भाषेत व्हर्जन!

या एचिंगमध्ये झाडं आहेत, शेतावरची घरं आहेत आणि एक बुरूज. पहिल्या दोन स्टेट्समध्ये बुरुजावर घुमट आहे. तिसऱ्या स्टेटमध्ये घुमट गायब! रेम्ब्रांटने तेवढं तांबं घासून साफ केलं आणि धडधाकट बुरूज एकदम पडका दिसायला लागला.

पत्र्यावरचं जुनं चित्र कायमचं गेलं. आधीचे छाप लोकांनी जपले म्हणून ही चोरी आपल्याला कळली. समजा, फक्त तिसरी स्टेट उरली असती तर? १६५१ च्या सुमारास तो बुरूज पडका होता, असं कोणीही बिनधास्त लिहून टाकलं असतं. मी तर नक्कीच. जुनं चित्र म्हणजे त्या काळचा फोटो, असंच मी आजवर धरून चालत होतो.

मॉन्टेलबान्सटोरेन आजही उभा आहे, कळसासकट. असो. यापुढे एखादं जुनं चित्र 'पुरावा' म्हणून कोणी समोर ठेवलं, तर मी आधी विचारणार, बाबा रे, ही कितवी स्टेट?