ली सुंग-युप
ली सुंग-युप (जन्म: १८ ऑगस्ट १९७६, देगू) हे उत्तुंग फटक्यांसाठी ख्यातनाम असलेले दक्षिण कोरियाचे माजी व्यावसायिक बेसबॉलपटू आहेत. १९९५ मध्ये ते सॅमसंग लायन्स संघात पिचर म्हणून दाखल झाले. मात्र कोपराच्या दुखापतीमुळे फलंदाजीकडे वळले. २००३ च्या हंगामात ५६ होमरन फटकावून त्यांनी ५५ चा आशियाई उच्चांक मोडला. २००४ ते २०११ या काळात ते जपानमध्ये खेळले.

सिडनी ऑलिंपिकमध्ये (२०००) त्यांच्या संघाला कांस्यपदक मिळाले. बीजिंगमध्ये (२००८) प्रारंभी त्यांना सूर गवसला नाही. परंतु उपांत्य सामन्यात जपानशी बरोबरी असताना आठव्या डावात, तर अंतिम सामन्यात क्यूबाविरुद्ध पहिल्याच डावात त्यांनी प्रत्येकी दोन धावांचा होमरन मारला. अंतिम सामना ३–२ असा जिंकून कोरियाने सुवर्णपदक पटकावले. २०१७ मध्ये ते निवृत्त झाले.