कवड्यांची पिशवी बांधा, पुन्नीला चला

मोबाइल खिशातच राहू द्या. तुमच्या पाचशेच्या नोटेवर इथे कुणी मूठभर चणेही देणार नाही. साल १८२०, कार्तिक पौर्णिमा, म्हणजे इथली ‘पुन्नी’, मुक्काम रायपूर. कमरेला कवड्यांची पिशवी बांधा. हिशेब सोपा आहे: चार कवड्यांचा गंडा, पाच गंड्यांची कोरी, सोळा कोऱ्यांची दोगानी आणि अकरा दोगान्यांचा रुपया. म्हणजे एका रुपयाला साडेतीन हजारांवर कवड्या! पिशवी मांडीवर आपटत राहील आणि चोराला तुम्ही लांबूनच ऐकू याल.

अजून उजाडलेलं नाही. जुन्या वस्तीतून निघालेला लोंढा तुम्हाला ढकलत खारून नदीकडे नेतोय. पायांखाली थंडगार धूळ, दातांत तिचीच करकर. नुकत्याच कापलेल्या धानाचा गोडसर वास शेतांवरून येतोय. शेजारच्या बैलगाडीत पेंढ्यावर तीन पोरं गाढ झोपली आहेत आणि चाकाच्या कुरकुरीनं तीसुद्धा हलत नाहीत. ‘घुच ना गा!’ मागून एक बाई ओरडते. बाजूला व्हा, तिच्या डोक्यावर टोपली आहे.

हा महादेवघाट. चिखलात पाय रुततो न रुततो तोच कुणाचा तरी धक्का लागतो आणि तुम्ही गळ्यापर्यंत पाण्यात. हुडहुडी भरली? भरणारच, कार्तिकातलं स्नान आहे. शेजारची आजी मात्र शांतपणे पानाच्या द्रोणात दिवा ठेवून पाण्यावर सोडते. ओलेत्यानंच वर चढा. हटकेश्वराचं देऊळ आजच चारशे वर्षांचं आहे, पण गाभारा बांधणाऱ्यानं एवढ्या भक्तांचा विचार केलेला दिसत नाही. ओली लुगडी, बेल, धूप, तेल, घाम. आत श्वास घ्यायचा तर आधी दुसऱ्याला सोडू द्यावा लागतो. बाहेर पडाल तेव्हा अंगावर निदान चार अनोळखी माणसांचं पाणी असेल.

आता उन्हात या आणि खा. उखरा, म्हणजे गुळात घोळलेल्या कुरकुरीत लाह्या घ्या, उकडलेले शिंगाडे घ्या. बोटं चिकट होतील, ती धोतरालाच पुसा, सगळे तेच करताहेत. तिकडे देवार बाया गोदना काढताहेत. सुई टोचून घेणारी नवी नवरी डोळे मिटून ओठ चावते आणि तिची सासू मात्र नक्षीत चुका काढते. पानाच्या चोंगीतला तंबाखू नाकात जातो, त्यामागून मोहाच्या दारूचा भपका. तेवढ्यात डफडा घुमतो, मोहरी चिरकते. फोडणीतली नव्हे, फुंकून वाजवायची. गुराखी राऊतांचा जथा आला! हातात काठ्या, पायांत घुंगरू, अंगावर कवड्यांनी मढवलेल्या बंड्या. तुम्ही जपून मोजताय ते चलन ही मंडळी अंगावर मिरवत नाचताहेत. एक जण दोहा फेकतो, बाकीचे गर्जतात, काठ्या उसळतात. डोकं सांभाळा.

परतताना बंजाऱ्यांचा तांडा वाट अडवतो. मिठाच्या गोण्या लादलेले बैल संपेचनात. शेपट्यांचे फटकारे खात उभे राहा, दुसरा इलाज नाही.

गावात कचेरीपाशी मात्र कान टवकारा: मराठी! नागपूरकर भोसल्यांचे कारकून बोरूनं मोडी खरडताहेत आणि आजच्या दिवशीसुद्धा रजा नाही म्हणून कुरकुरताहेत. त्यांच्यावर देखरेख करणारा कंपनी सरकारचा गोरा साहेब, व्हान्स अ‍ॅग्न्यू, स्कॉटलंडमधल्या घराण्यातला. जुन्या राजधानीतली, रतनपूरची कचेरी रायपूरला आली ती नुकतीच, १८१८ मध्ये. साहेब या मुलखाचा अहवाल लिहितोय. त्याला लिहू द्या, तुम्ही दूधाधारी मठात चला. दुधावरच राहणाऱ्या महंत बलभद्रदासांचं हे ठिकाण. भिंतींवर भोसल्यांच्या काळची चित्रं, आणि बांधकामात सिरपूरहून आणलेले कोरीव दगड. दुपारच्या उन्हातून आल्यावर हा दगड पाठीला इतका गार लागतो की दर्शन जरा लांबवावंसं वाटतं.

चला, परत आजच्या रायपुरात. मठ आहे, हटकेश्वर आहे, पुन्नीचा मेळा भरतो. चौबे कॉलनीत १९३५ पासूनचं महाराष्ट्र मंडळही आहे. आपल्याकडचे प्रवासी मात्र या गावाला गाडी बदलण्याचं स्टेशन समजतात आणि बस्तरकडे पळतात. माझ्या मते हा करंटेपणा आहे. पंचांगात त्रिपुरी पौर्णिमा बघा आणि मुंबई-हावडा मार्गावरच्या गाडीचं तिकीट आधीच काढा. स्नान मात्र उजाडण्यापूर्वी करा, नंतर घाटावर पाय ठेवायला जागा मिळत नाही.