चॉक रिव्हर येथील एन. आर. एक्स. अणुभट्टीचा अपघात (1952) : शास्त्रज्ञ, सैनिक आणि आणीबाणीतील निर्णय

प्रास्ताविक :

अणुयुगाच्या इतिहासात थ्री माइल आयलंड (1979), चेर्नोबिल (1986) आणि फुकुशिमा (2011) या दुर्घटनांची चर्चा विपुल प्रमाणात झालेली आहे. त्या मानाने कॅनडातील चॉक रिव्हर येथील संशोधन केंद्रात 12 डिसेंबर 1952 रोजी घडलेला अपघात मराठी वाचकांना फारसा परिचित नाही. अणुभट्टीच्या गाभ्याची गंभीर हानी होण्याचा जगातील हा पहिला मोठा प्रसंग होय. मुंबईजवळील तुर्भे येथे उभारण्यात आलेली ‘सायरस’ ही अणुभट्टी याच भट्टीच्या आराखड्यावर आधारलेली असल्याने भारतीय अभ्यासकाला या घटनेत विशेष रस असावयास हवा. सदर घटनेचे दोन सोपे अर्थ रूढ आहेत. एक म्हणजे ‘मानवी चूक’ आणि दुसरा म्हणजे ‘जिमी कार्टर यांनी वाचविलेली भट्टी’. हे दोन्ही अर्थ कितपत टिकतात याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटन व कॅनडा यांच्या संयुक्त प्रयत्नातून मॉन्ट्रियल येथे अणुसंशोधनाची प्रयोगशाळा स्थापन झाली होती. तिचेच पुढचे पाऊल म्हणून ओटावा नदीच्या काठी, राजधानीपासून दूर अरण्यप्रदेशात चॉक रिव्हर हे केंद्र उभे राहिले. सप्टेंबर 1945 मध्ये तेथील ‘झीप’ ही छोटी भट्टी कार्यान्वित झाली. अमेरिकेबाहेर चाललेली ती पहिली अणुभट्टी ठरली. त्यानंतर जुलै 1947 मध्ये एन. आर. एक्स. सुरू झाली. नैसर्गिक युरेनियमचे इंधन, न्यूट्रॉनचा वेग कमी करण्यासाठी जड पाणी आणि इंधन थंड ठेवण्यासाठी नदीचे साधे पाणी अशी तिची रचना होती. अॅल्युमिनियमच्या एका मोठ्या उभ्या पात्रात जड पाणी भरलेले असे व त्यातून सुमारे 175 नळ्या आरपार गेलेल्या असत. 1952 पर्यंत तिची क्षमता 30 मेगावॅटपर्यंत वाढविण्यात आली होती.

ही भट्टी केवळ शुद्ध विज्ञानासाठी होती असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. तिच्यात तयार झालेले प्लुटोनियम अमेरिकेस विकले जात होते आणि अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुडीसाठी लागणाऱ्या इंधनाच्या चाचण्याही तेथे होत होत्या. त्यामुळे अपघातानंतर अमेरिकी नौदलाचे लोक तेथे पोहोचले यात केवळ शेजारधर्म नव्हता. भट्टीच्या गाभ्यात नेमके काय घडले हे समजून घेणे ही त्यांचीही गरज होती.

12 डिसेंबर 1952 :

त्या दिवशी भट्टी कमी शक्तीवर ठेवून इंधनाच्या दांड्यांसंबंधी एक प्रयोग करावयाचा होता. त्यासाठी काही नळ्यांतील पाण्याचा प्रवाह कमी करण्यात आला होता. भट्टी बंद करण्यासाठी एकूण बारा दांडे होते. ते हवेच्या दाबावर वर उचलले जात व खाली पडले की शृंखला अभिक्रिया थांबे. तळघरात काम करणाऱ्या एका कामगाराने चुकून काही झडपा उघडल्या आणि काही दांडे वर सरकले. नियंत्रण कक्षात तांबडे दिवे लागताच पर्यवेक्षक स्वतः तळघरात धावला व त्याने झडपा बंद केल्या. दिवे विझले, म्हणजे दांडे जागेवर बसले असे सर्वांनी गृहीत धरले. प्रत्यक्षात ते पूर्ण खाली आलेले नव्हते. दिवा विझण्याइतपतच ते उतरले होते.

यानंतर पर्यवेक्षकाने दूरध्वनीवरून आपल्या सहायकास दोन कळा दाबण्यास सांगितले. त्याला ‘चार आणि तीन’ असे म्हणावयाचे होते; तोंडून ‘चार आणि एक’ असे निघाले. चूक त्याच्या लगेच ध्यानात आली. परंतु कळा दाबण्यासाठी दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून सहायकाने दूरध्वनी खाली ठेवलेला होता. एक क्रमांकाच्या कळेने चार दांड्यांचा गट वर उचलला गेला आणि भट्टीची शक्ती झपाट्याने वाढू लागली.

सुमारे वीस सेकंदांत धोका ओळखून सहायकाने भट्टी तत्काळ बंद करण्याची कळ दाबली. येथेच या घटनेचे खरे मर्म आहे. ती कळ दाबल्यावर चारही दांडे खाली पडावयास हवे होते. त्यांपैकी एकच, तोही अत्यंत मंद गतीने, खाली आला. ज्या यंत्रणेच्या भरवशावर सारे काम चालले होते, तीच ऐनवेळी निकामी ठरली. दरम्यान, ज्या नळ्यांत पाणी कमी होते तेथे ते उकळू लागले. साधे पाणी काही प्रमाणात न्यूट्रॉन शोषून घेते. ते वाफ होऊन बाहेर पडल्याने अभिक्रिया मंदावण्याऐवजी अधिकच भडकली. चौतीस वर्षांनी चेर्नोबिल येथे हाच दोष वेगळ्या रचनेत व कितीतरी भयंकर रूपात प्रकट झाला.

आता एकच उपाय उरला होता, तो म्हणजे पात्रातील जड पाणी सोडून देणे. जड पाणी त्या काळी अत्यंत मौल्यवान होते आणि ते सोडले की प्रयोग तर संपणारच, शिवाय भट्टी पुन्हा सुरू करण्यास बराच काळ लागणार. तरीही नियंत्रण कक्षातील मंडळींनी काही सेकंदांच्या विचारविनिमयानंतर हा निर्णय घेतला. पाणी उतरू लागले तशी शक्ती घसरत गेली. सारा प्रसंग सव्वा मिनिटाच्या आत आटोपला. मात्र तेवढ्यात भट्टीची शक्ती तिच्या क्षमतेच्या दुप्पट-तिप्पट झाली होती, इंधनाच्या काही दांड्यांचे आवरण फुटून युरेनियम वितळले होते आणि हायड्रोजनचा स्फोटही झाला होता. किरणोत्सर्गाचे इशारे वाजू लागल्यावर इमारत व त्यानंतर केंद्राचा परिसर रिकामा करण्यात आला. जीवितहानी झाली नाही. त्या दहा सेकंदांत कोणी जड पाण्याच्या किमतीचा हिशेब करीत बसले असते तर काय झाले असते, याचा विचार करणे अस्वस्थ करणारे आहे.

तळघरातील पाणी आणि सैनिक :

भट्टी थांबली तरी तिच्यातील उष्णता थांबत नाही. इंधनातील विखंडित द्रव्ये क्षय पावत असताना उष्णता निर्माण करीतच राहतात. त्यामुळे फुटलेल्या नळ्यांतून थंड पाणी सोडत राहणे भाग होते आणि ते पाणी किरणोत्सारी द्रव्ये घेऊन तळघरात साचत होते. सुमारे 4,500 टन पाणी व त्यात अंदाजे 10,000 क्युरी इतका किरणोत्सार असे त्याचे प्रमाण नोंदविले गेले आहे. हे पाणी ओटावा नदीत सोडणे शक्य नव्हते. अखेर खास नळ टाकून ते नदीपासून दूर वाळूच्या जमिनीत जिरविण्यात आले.

स्वच्छतेच्या कामात सर्वांत मोठी अडचण मनुष्यबळाची होती. प्रत्येक व्यक्तीस किरणोत्सर्गाची ठरावीक मात्राच घेता येत असे व ती काही ठिकाणी एक-दोन मिनिटांतच पूर्ण होई. मग तो माणूस त्या कामासाठी बाद. केंद्रातील आठशेहून अधिक कर्मचारी या कामास जुंपले गेले, तरी ते पुरेना. त्यामुळे कॅनडाच्या सैन्यदलांतील सुमारे 170 आणि अमेरिकेतील सुमारे 150 जवान व अधिकारी बोलाविण्यात आले. येथे शास्त्रज्ञ व सैनिक यांच्यातील नात्याचा वेगळाच पैलू दिसून येतो. युद्धकाळात सैन्याने शास्त्रज्ञांकडून अस्त्र मागितले होते. चॉक रिव्हरला शास्त्रज्ञांनी सैन्याकडून माणसे मागितली. सैनिकाचे शौर्य येथे उपयोगाचे नव्हते. आखून दिलेली मिनिटे संपताच निमूटपणे मागे फिरण्याची शिस्त तेवढी हवी होती.

अमेरिकी तुकड्यांपैकी एकीचे नेतृत्व जिमी कार्टर या अठ्ठावीस वर्षांच्या नौदल लेफ्टनंटकडे होते. ते त्या वेळी अॅडमिरल रिकोव्हर यांच्या अणुपाणबुडी कार्यक्रमात स्केनेक्टडी येथे काम करीत होते. भट्टीची हुबेहूब प्रतिकृती एका टेनिस मैदानावर उभारण्यात आली. कोणता बोल्ट कोणी, कोणत्या अवजाराने काढावयाचा याचा सराव तेथे झाला. प्रत्यक्ष भट्टीपाशी एका वेळी सुमारे दीड मिनिट थांबता येत असे. तेथून एक बोल्ट निघाला की मैदानावरील प्रतिकृतीतूनही तोच बोल्ट काढला जाई, म्हणजे पुढच्या गटास अद्ययावत स्थिती कळे. त्यानंतर सुमारे सहा महिने कार्टर व त्यांच्या सहकाऱ्यांच्या लघवीची किरणोत्सारासाठी तपासणी होत राहिली. 1975 साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात त्यांनी या कामाचा उल्लेख केला आहे.

कार्टर पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. 1979 मध्ये थ्री माइल आयलंड येथील अपघातानंतर चारच दिवसांत ते स्वतः त्या केंद्रात गेले, तेव्हा अणुभट्टीच्या आतील भागाची त्यांना असलेली ओळख अनेकांना आठवली. डिसेंबर 2024 मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांनी एकट्याने भट्टी वाचविल्याची कथा पुन्हा नव्याने फिरली. वस्तुतः कार्टर पोहोचले तेव्हा भट्टी केव्हाच थांबलेली होती. त्यांच्या कामाचे मोल याने कमी होत नाही. पण सव्वा मिनिटातील निर्णय ज्यांनी घेतला ते आणि पुढचे महिनोन्‌महिने तळघर पुसणारे शेकडो लोक या कथेतून पुसले जातात, हेही तितकेच खरे.

चौकशी आणि तुर्भे :

केंद्राचे प्रमुख शास्त्रज्ञ डब्ल्यू. बी. लुईस यांनी अपघाताचा अहवाल 1953 मध्ये मांडला. चुकीची कळ सांगणाऱ्या माणसावर खापर फोडून प्रश्न मिटवता आला असता. तसे झाले नाही, ही या चौकशीची जमेची बाजू मानावी लागेल. नियंत्रणाची यंत्रणा व बंद करण्याची यंत्रणा एकमेकांत गुंतलेली होती, दांड्यांची रचना अनावश्यक गुंतागुंतीची होती आणि दिवे खरी स्थिती दाखवत नव्हते, हे दोष लक्षात घेतले गेले. बंद करण्याची यंत्रणा नियंत्रणापासून पूर्णपणे अलग असावी, हे तत्त्व कॅनडाच्या पुढील भट्ट्यांच्या रचनेत रुजले. कालांतराने त्यांच्या ‘कँडू’ वीजभट्ट्यांत बंद करण्याच्या दोन स्वतंत्र यंत्रणा बसविण्यात आल्या. हानी झालेले पात्र काढून पुरण्यात आले, नवे बसविले गेले आणि फेब्रुवारी 1954 मध्ये एन. आर. एक्स. पुन्हा सुरू झाली.

त्यानंतर दोनच वर्षांनी, एप्रिल 1956 मध्ये, भारत व कॅनडा यांच्यात तुर्भे येथील भट्टीचा करार झाला. होमी भाभा व लुईस यांचा केंब्रिजपासूनचा परिचय या सहकार्यास उपकारक ठरला. 10 जुलै 1960 रोजी कार्यान्वित झालेली ही 40 मेगावॅटची भट्टी एन. आर. एक्स.ची भगिनी असली तरी हुबेहूब नक्कल नव्हती. नदीचे पाणी एकदाच गाभ्यातून नेऊन सोडून देण्याऐवजी येथे शुद्ध पाणी बंद चक्रात फिरविले जाई व समुद्राच्या पाण्याने ते थंड केले जाई. 1974 च्या पोखरण चाचणीत या भट्टीतील प्लुटोनियम वापरले गेल्यावर कॅनडाने सहकार्य थांबविले. 31 डिसेंबर 2010 रोजी सायरस कायमची बंद झाली, एन. आर. एक्स. त्याआधीच 1993 मध्ये बंद झाली होती.

चॉक रिव्हर येथेच मे 1958 मध्ये एन. आर. यू. या दुसऱ्या भट्टीत इंधनाच्या तुकड्यास आग लागून पुन्हा सैनिकांना पाचारण करावे लागले. दोन्ही प्रसंगी काम केलेल्या केंद्रातील कर्मचाऱ्यांचा पुढे आरोग्यविषयक पाठपुरावा करण्यात आला व मृत्युदर वाढल्याचे त्यात आढळले नाही. सैनिकांची स्थिती निराळी होती. काम संपताच ते आपापल्या पलटणीत परतले आणि विखुरले. त्यांपैकी काहींनी आजारपणात निवृत्तिवेतनासाठी दाद मागितली, तेव्हा आजार व किरणोत्सर्ग यांचा संबंध सिद्ध करण्याचा भार त्यांच्याच अंगावर पडला. सप्टेंबर 2008 मध्ये कॅनडा सरकारने अणुचाचण्यांत तसेच चॉक रिव्हरच्या दोन्ही स्वच्छता मोहिमांत सहभागी झालेल्या आपल्या सैनिकांना प्रत्येकी 24,000 डॉलर सानुग्रह रक्कम जाहीर केली. तोवर पहिल्या अपघातास पंचावन्न वर्षे उलटून गेली होती.