समोरच्या बाजूचा इतिहास: फुटबॉल-व्यवस्थापनाच्या संगणकखेळांविषयी

फुटबॉल-व्यवस्थापनाच्या संगणकखेळांचा इतिहास बहुधा पडद्यावरील चित्राच्या अंगाने सांगितला जातो. आधी नुसते आकडे होते, मग समालोचनाची वाक्ये आली, मग हिरव्या आयतावर धावणारे ठिपके आले आणि अखेरीस हातपाय असलेली माणसे आली. हा क्रम खरा आहे. पण त्यातून खेळणारा काय करीत होता हे कळत नाही. आमच्या मते या खेळांचा इतिहास समोरच्या संघाच्या अंगाने सांगायला हवा. प्रतिस्पर्धी पहिल्या दिवसापासून होता, त्याचे नाव आणि त्याचे गोल पडद्यावर उमटतच होते. परंतु ज्याला ओळखावे लागते, ज्याच्यानुसार स्वतःची मांडणी बदलावी लागते, असा प्रतिस्पर्धी तेथे अवतरायला वीसेक वर्षे लागली. तो अवतरत असताना त्याला पुन्हा नाहीसे करण्याचा जो उद्योग खुद्द खेळणाऱ्यांनी चालवला, तोही या इतिहासाचाच भाग आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. येथे खेळणारा चेंडूला पाय लावीत नाही. तो प्रशिक्षक असतो. खेळाडू विकत घेणे, विकणे, संघ निवडणे, बचावफळी किती पुढे उभी करायची आणि चेंडू जमिनीवरून खेळवायचा की लांब भिरकवायचा हे ठरवणे, एवढे त्याच्या हाती. सामना सुरू झाला की तो प्रेक्षक होतो. मधूनमधून थांबवून सूचना बदलण्याची मुभा असलेला प्रेक्षक.

इंग्लंडमधील केव्हिन टॉम्स यांनी १९८२ मध्ये ‘फुटबॉल मॅनेजर’ हा खेळ विक्रीस आणला. तो बेसिक या संगणकभाषेत लिहिलेला होता आणि झेडएक्स-८१, स्पेक्ट्रम अशा घरगुती यंत्रांवर चाले. खोक्यावर खुद्द टॉम्स यांचा दाढीवाला चेहरा छापलेला असे. पुस्तकावर लेखकाचे छायाचित्र असावे तसा. सामन्यापूर्वी पडद्यावर दोन्ही संघांचे पाच गुण शेजारी-शेजारी दिसत: बचाव, मधली फळी, आघाडी, मनोबल आणि ताकद. समोरच्याची आघाडी जड दिसली तर आपला एक आघाडीवीर कमी करून बचावपटू वाढवायचा, की आपला आकडा वाढे. प्रतिस्पर्ध्यानुसार डावपेच बदलण्याचा हा पहिला धडा. तो अंकगणिताचा होता म्हणून त्याला हसू नये. समोर कोणी आहे आणि त्याचे बलस्थान आपल्याहून वेगळे आहे, एवढी जाणीव त्या पाच आकड्यांत होती. मात्र तो कोणीतरी स्वतः काही करीत नव्हता. तो तराजूच्या दुसऱ्या पारड्यातील वजन होता.

प्रत्यक्ष फुटबॉल तोवर कितीतरी पुढे गेलेला होता. २५ नोव्हेंबर १९५३ रोजी वेम्बली मैदानावर हंगेरीने इंग्लंडचा ६-३ असा पराभव केला. या सामन्याची कथा साहित्याच्या वर्गात चिन्हमीमांसा शिकवताना खुशाल सांगावी अशी आहे. इंग्लंडमध्ये पाठीवरचा आकडा जागेचा निदर्शक असे: नऊ क्रमांकाचा खेळाडू म्हणजे आघाडीच्या मध्यभागी उभा राहणारा, आणि पाच क्रमांकाच्या मध्य बचावपटूने त्याला अडवायचे. हंगेरीच्या नांदोर हिदेगकुटी यांच्या पाठीवर नऊ होता; पण ते आघाडी सोडून मागे, मधल्या फळीत उतरत. इंग्लंडचे हॅरी जॉन्स्टन पेचात सापडले. मागोमाग जावे, तर बचावफळीच्या मध्यभागी खिंडार पडते. जागेवर थांबावे, तर हिदेगकुटी मोकळे राहतात. हिदेगकुटी यांनी त्या दिवशी तीन गोल केले, त्यांतला पहिला पहिल्याच मिनिटात. आकडा आणि त्याचा अर्थ यांची गाठ सुटलेली होती, आणि ती सुटली आहे हे इंग्लंडला सामना संपेपर्यंत नीट उमगले नाही. पुढल्या मे महिन्यात बुडापेस्टला तेच पुन्हा ७-१ असे झाले.

हंगेरीचे प्रशिक्षक गुस्ताव शेबेश यांनी या सामन्याची तयारी करताना वेम्बलीच्या मापाचे मैदान आखून घेतले होते आणि सरावासाठी जड इंग्लिश चेंडू मिळवले होते. आपल्या शास्त्रचर्चेत सिद्धान्तापूर्वी पूर्वपक्ष मांडण्याची रीत आहे; प्रतिपक्षाचे म्हणणे त्याला स्वतःला मांडता आले नसते इतक्या नेटकेपणाने आधी मांडायचे आणि मगच खोडायचे. शेबेश यांनी केले ते हेच. (अशा ठिकाणी मराठी लेखणीला गनिमी काव्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. ती येथे टाळलेली बरी. सगळ्या चतुराईला तेच एक नाव दिले की चतुराईतले फरक दिसेनासे होतात.)

आणि मग १९५४ च्या विश्वचषकात हा पूर्वपक्ष हंगेरीवरच उलटला. पश्चिम जर्मनीचे प्रशिक्षक झेप हेर्बेर्गर यांनी गटातील सामन्यात नेहमीचे बरेच खेळाडू बाहेर ठेवले आणि ८-३ अशी हार पत्करली. ४ जुलैला बर्न येथे झालेल्या अंतिम सामन्यात मात्र त्यांनी हॉर्स्ट एकेल यांना हिदेगकुटी यांच्या पाठीवर बसवले. पहिल्या आठ मिनिटांत दोन गोलांनी मागे पडूनही जर्मनी ३-२ असा जिंकला. वेम्बलीवर न सुटलेल्या कोड्याला कोणीतरी सात महिने शांतपणे उत्तर शोधले होते. टॉम्स यांच्या पाच आकड्यांत या उत्तराला जागा नव्हती, कारण त्या कोड्यालाच जागा नव्हती.

जागा निर्माण केली ती वाक्यांनी. पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या भावांनी घरी बसून रचलेला ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या आवृत्तीतील खेळाडूंची नावे कल्पित होती. खरी नावे १९९३ पासून आली. सामना दिसत नसे. तो वाचावा लागे. पडद्याच्या तळाशी एकेक वाक्य येई: अमुक चेंडू घेऊन उजव्या बगलेने निघाला, तमुकने अडवला, फटका खांबाला लागला. गोल झाला की अक्षरे लुकलुकत. २००१ साली आलेली ०१-०२ ची आवृत्ती या वाङ्मयप्रकाराचा कळस मानली जाते, आणि आम्हीही तसेच मानतो. यात आमच्या वसतिगृहातील एका जुनाट संगणकाचा आणि त्या वर्षी न वाचलेल्या काही नेमलेल्या पुस्तकांचा वाटा आहे हे कबूल करतो. समोरच्या संघाची रचना कळली तरी तो काय करू पाहतो आहे हे वाक्यांवरूनच जुळवावे लागे. एकाच बचावपटूचे नाव चुकीच्या संदर्भात वारंवार येऊ लागले, की त्याच्या बाजूने काहीतरी शिजते आहे असे समजायचे. हे वाचनच होते. ओळींमधल्या मोकळ्या जागेचे वाचन. पुढे संहितेच्या रिक्त जागांविषयी वर्गात शिकवायची वेळ आली तेव्हा आम्हाला उदाहरण शोधावे लागले नाही. मात्र ते वर्गात सांगण्याचे धाडस झाले नाही. असो.

वाचलेल्यापैकी किती यंत्रात खरोखर होते, हा प्रश्न मात्र टाळता येत नाही. वाचक अर्थ ओततो तसा आम्हीही ओतत होतो. समोरच्या प्रशिक्षकाचे जे कारस्थान आम्ही रात्र-रात्र ओळखत होतो, त्यातले बरेचसे आमचेच असावे.

याच काळात खेळात एक विलक्षण सोय होती. मैदानाचे चौकोन पाडून, चेंडू अमुक चौकोनात असताना आपला प्रत्येक खेळाडू कोठे असावा हे वेगवेगळे ठरवता येई. चेंडू आपल्याकडे असताना एक चित्र, नसताना दुसरे. हिदेगकुटी यंत्रात बसवण्याची ही पहिली संधी. खेळणाऱ्यांनी तिचे काय केले? त्यांनी यंत्रातील फटी शोधल्या. २००३ च्या अखेरीस आलेल्या ०३-०४ च्या आवृत्तीत ‘डायब्लो’ या नावाची एक मांडणी जगभर हातोहाती पसरली. तिच्यात मधल्या फळीतला एक खेळाडू ठरावीक मार्गाने असा पुढे धावे की सामन्याच्या गणिताला तो पकडताच येत नसे, आणि तो गोलांच्या राशी घाली. समोर कोण आहे हे पाहण्याची गरजच उरली नाही. सगळ्या कुलपांना लागणारी किल्ली सापडली, की कुलपे पाहणे थांबते.

आम्हाला या डायब्लोविषयी अधिक आस्था आहे, कारण तो आमच्या विभागांतही राहतो. एखादी सिद्धान्तप्रणाली हाती आली की कोणतीही कादंबरी तिच्यापुढे टिकत नाही. कादंबरी उघडण्यापूर्वीच निकाल लागलेला असतो. शोधनिबंधांतील प्रकरणांची नावे तीच, निष्कर्ष तेच, फक्त लेखकाचे नाव बदलते. आम्ही स्वतः असे निबंध लिहिले आहेत आणि उत्तीर्णही केले आहेत. डायब्लोने खेळणाऱ्याला सामने जिंकता येत, पण विचारले असते तर समोरच्या संघाविषयी एक वाक्यही सांगता आले नसते.

२००३ मध्ये प्रकाशक आयडॉस आणि खेळ रचणारी स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्ह ही संस्था यांची फारकत झाली. नाव प्रकाशकाकडे गेले. सामन्याचे गणित आणि खेळाडूंची माहिती रचणाऱ्यांकडे राहिली. २००४ च्या नोव्हेंबरात त्यांनी सेगातर्फे जो खेळ काढला त्याचे नाव ‘फुटबॉल मॅनेजर’, म्हणजे टॉम्स यांचेच. त्याच्याआधी, २००३ च्या चौथ्या ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’मध्ये सामना वरून दिसू लागला होता: हिरवे मैदान, रंगीत ठिपके. समोरच्याचा हेतू आता अनुमानाने नव्हे, डोळ्यांनी कळू लागला.

पण प्रतिस्पर्धी खऱ्या अर्थाने जन्माला आला तो त्याला आपण दिसू लागलो तेव्हा. या मालिकेतील दुसऱ्या हंगामाचे दुखणे सर्व खेळणाऱ्यांना ठाऊक असते. पहिल्या वर्षी दुबळा संघ घेऊन तुम्ही बलाढ्यांना हरवता. ते बेफिकिरीने पुढे सरसावतात, त्यांच्या पाठीमागे मोकळी जागा पडते, तुमचा वेगवान आघाडीवीर त्या जागेत धावतो. वर्षअखेरीस तुमचा मान वाढतो. दुसऱ्या वर्षी तोच संघ, तीच मांडणी. आणि तळाचे संघ तुमच्या मैदानावर येऊन बरोबरी घेऊन जातात. बिघडले काहीच नसते. संगणकातील प्रशिक्षक आता तुमच्या संघाची प्रतिष्ठा, सामना कोणाच्या मैदानावर आहे, पारडे कोणाचे जड मानले जाते, यावरून आपला पवित्रा ठरवतात. कालपर्यंत तुम्हाला तुच्छ लेखणारा आज गोलासमोर नऊ माणसांची भिंत उभी करतो. पाठीमागे जागाच नसते, मग धावायचे कोठे? आता चेंडू संथपणे फिरवावा लागतो, दोन्ही बगला रुंद वापराव्या लागतात, बचावपटूंना वर चढवावे लागते. आणि ते चढले, की पुढच्या आठवड्यात वेगाने प्रतिआक्रमण करणारा संघ त्याच मोकळ्या जागेतून तुम्हाला लुटतो. गेल्या वर्षी तुम्ही जे इतरांना केले तेच.

अनेक खेळणाऱ्यांनी याला यंत्राची लबाडी म्हटले. आम्हाला तो या खेळाच्या इतिहासातील सर्वांत प्रामाणिक क्षण वाटतो. तराजूतील वजनाने पहिल्यांदा मान वर करून पाहिले.

पुढील आवृत्त्यांत साधने वाढत गेली. समोरच्या प्रत्येक खेळाडूसाठी निराळी सूचना देता येऊ लागली: याला चिकटून राहा, याच्यावर धावून जा, याला त्याच्या दुबळ्या पायाकडे ढकला. २००९ च्या ऑक्टोबरात आलेल्या आवृत्तीत सरकपट्ट्यांचे आकडे मागे पडून प्रशिक्षकाची भाषा पुढे आली. खेळाडूला भूमिका आणि जबाबदारी सांगायची. २०१८ मध्ये प्रसिद्ध शैली तयार साच्यांच्या रूपाने मिळू लागल्या, आणि चेंडू गमावताच तो हिसकावण्यासाठी तुटून पडण्याची जर्मन वळणाची शैली इतकी चालली की प्रतिस्पर्धी न पाहता तीच लावण्याचा प्रघात पडला. डायब्लो सभ्य नाव घेऊन परतला.

उलट बाजूही आहे. रोज नवा व्यूह हा उपाय नव्हे, हेही खेळाने शिकवले. संघाला मांडणी अंगवळणी पडावी लागते आणि एका वेळी फार तर तीन मांडण्यांचाच सराव करता येतो. दर आठवड्याला समोरच्याप्रमाणे बदलणारा संघ शेवटी कोणाचाच राहत नाही. खेळाडू एकमेकांना चुकीच्या जागी शोधतात. म्हणून जाणते खेळणारे मांडणी तीच ठेवून त्यात दोन-तीन गोष्टी हलवतात: बचावरेषा पाच पावले मागे, एका बगलेचा खेळाडू आत, एका मध्यरक्षकाला थांबण्याची सूचना. हेर्बेर्गर यांनीही अंतिम सामन्यात संपूर्ण संघ उलटापालटा केला नव्हता. निर्णायक बदल एका माणसाच्या कामात होता.

२०२५ च्या फेब्रुवारीत त्या वर्षीची आवृत्तीच रद्द झाली. मालिकेच्या इतिहासात असे पूर्वी घडले नव्हते. नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या पुढच्या आवृत्तीत चेंडू असतानाची रचना आणि नसतानाची रचना पुन्हा वेगवेगळी मांडता येते. वीस-बावीस वर्षांपूर्वीच्या चौकोनांची ही दूरची नात म्हणायला हरकत नाही. समोरचा संघही आता दोन रूपांत येतो. बचाव करताना आघाडीच्या टोकाला दिसणारा त्याचा नऊ क्रमांकाचा खेळाडू, चेंडू हाती येताच मधल्या फळीत उतरतो. आपला मध्य बचावपटू घोटाळतो. सामना थांबवून त्याला सांगावे लागते, मागोमाग जा किंवा थांब. आम्ही बहुधा मागोमाग जायला सांगतो, आणि त्याने सोडलेल्या जागेतून गोल होतो.