औंढा नागनाथ, लायगो आणि कर्नल २.६.३४

हिंगोली म्हटलं की औंढ्याचं ज्योतिर्लिंग आणि नामदेवांचं नर्सी, एवढंच आपल्याला आठवतं. १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा लिनक्सच्या गोष्टीत कुठून आला? तर मंडळी, लायगोमुळे.

११ फेब्रुवारी २०१६ ला गुरुत्वीय लहरी सापडल्याची घोषणा झाली आणि सहाच दिवसांत केंद्रीय मंत्रिमंडळाने लायगो-इंडियाला तत्त्वतः मंजुरी दिली. जागा ठरली औंढ्याजवळची. पूर्ण मंजुरी आली एप्रिल २०२३ मध्ये, २६०० कोटींची. आता गंमत बघा. इथे येणारी मुख्य यंत्रसामग्री मुळात अमेरिकेत हॅनफर्डला बसवायची होती. म्हणजे डिझाइन २०१० च्या आसपासचं!

त्या पिढीच्या लायगोचे कंट्रोल कॉम्प्युटर जेन्टू लिनक्सवर चालायचे, कर्नल २.६.३४ (मे २०१०). काम काय, तर ४ किलोमीटर लांबीच्या बाहूंच्या टोकांचे आरसे जागच्या जागी धरून ठेवायचे. मुख्य लूप सेकंदाला १६,३८४ वेळा फिरतो, म्हणजे एका फेरीला जेमतेम ६१ मायक्रोसेकंद. साधा कर्नल मध्येच डिस्ककडे नाहीतर नेटवर्ककडे बघायला जातो. म्हणून कर्नलला पॅच मारून प्रोसेसरचा एक कोअर लिनक्सच्या ताब्यातून काढून घेतला आणि त्यावर फक्त कंट्रोलचा लूप ठेवला. पण पॅच त्या त्या कर्नलच्या मापाने शिवलेला असतो. कर्नल बदलला की पुन्हा शिवा, पुन्हा तपासा. त्यामुळे बाहेर ३.० आला (जुलै २०११), तरी चालू यंत्रावर लगेच उडी मारता येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, जुना कर्नल टाकण्यात काय एवढं? टारबॉल उतरवा, जुनी कॉन्फिग फाईल घ्या, मेक ओल्डकॉन्फिग, मेक, मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल, मेक इन्स्टॉल. प्रत्येक आवृत्तीची मॉड्यूल्स वेगळ्या फोल्डरमध्ये बसतात, त्यामुळे जुना-नवा शेजारी शेजारी नांदतात आणि ग्रबच्या मेनूत हवा तो निवडता येतो. चालू कर्नल मात्र उडवू नका.

खरी अडचण कर्नलची नसून भोवतालची असते. आजच्या जीसीसीवर २.६.३४ बांधायला घ्या, तो पहिल्यांदा स्वतःच्या आवृत्तीची हेडर फाईल मागतो, जी त्या सोर्समध्ये नाहीच. ते निस्तरलं की पर्ल रुसतं, कारण एका स्क्रिप्टमधली जुनी लिहिण्याची पद्धत ५.२२ पासून बाद झाली. थोडक्यात काय, तर जुना कर्नल हवा असेल तर त्या काळचा कंपायलर, त्या काळची अवजारं, सगळं बिऱ्हाडच आणावं लागतं.

आणि भोकंही सोबत येतात. 'डर्टी काऊ' ही चूक २००७ च्या २.६.२२ पासून कर्नलमध्ये होती, दुरुस्त झाली ऑक्टोबर २०१६ मध्ये. म्हणजे २.६.३४ मध्ये ती आहेच. असं मशीन उघड्या इंटरनेटला जोडणं म्हणजे दार सताड उघडं टाकून गावाला जाणं.

लायगोवाले पुढे डेबियनवर आणि नव्या कर्नलवर गेले, ते बरंच झालं. पण असं यंत्र वीस-तीस वर्षं चालतं, आणि कर्नलची पिढी चार-पाच वर्षांत म्हातारी होते. म्हणजे औंढ्यालाही हा प्रश्न पुन्हा पुन्हा येणार. पॅच का मारला, कशावर बांधला, कुठल्या कंपायलरने, हे लिहून ठेवणारा माणूस तिथे लागेल. तो हिंगोली-नांदेडकडचाच कुणी निघाला तर किती छान!

असो. पुढच्या शनिवारी भेटूच.