जुन्या लॅपटॉपवर उबुंटू टाकताना अडकलात? ‘डिस्क पुसा’ दाबण्याआधी हे तपासा

वाळूज एमआयडीसीला लागून असलेलं बजाजनगर ही कामगारांची वसाहत. इथल्या अनेक घरांत एकच लॅपटॉप असतो. मुलीचा सीईटीचा अर्ज, वडिलांच्या पगाराच्या स्लिपा आणि लग्नाचे फोटो सगळं त्यातच.

विंडोज 10 चे नियमित मोफत सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबले. विंडोज 11 साठी टीपीएम 2.0 चिप आणि साधारण 2017 नंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चालू स्थितीतल्या जुन्या लॅपटॉपसाठी अनेक जण उबुंटूसारख्या मोफत, ओपन सोर्स सिस्टिमकडे वळत आहेत. पण इन्स्टॉल करताना गाडी अडते, घाईत चुकीचं बटण दाबलं जातं आणि फोटो जातात.

म्हणून पहिली पायरी इन्स्टॉल नाही, बॅकअप. महत्त्वाच्या फाईल्स दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा आणि त्या उघडतात का, तेही पाहा.

कोणती आवृत्ती घ्यायची?

उबुंटूची नवी आवृत्ती दर एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये येते. दर दोन वर्षांनी येणाऱ्या ‘एलटीएस’ आवृत्तीला किमान पाच वर्षं अपडेट मिळतात. घरच्या एकुलत्या एक लॅपटॉपसाठी तीच बरी.

पहिल्याच दिवशी घाई नको. 24.04 ही आवृत्ती 25 एप्रिल 2024 रोजी आली. तिची सुधारित 24.04.1 आवृत्ती 15 ऑगस्टला येणार होती. पण जुन्या आवृत्तीवरून अपग्रेड करताना गंभीर त्रुटी आढळल्या आणि ती 29 ऑगस्टला आली. ‘.1’ येईपर्यंत थांबलं, तर अशा बऱ्याच अडचणी आधीच सुटलेल्या असतात.

24.04 साठी किमान 4 जीबी रॅम आणि 25 जीबी जागा लागते. रॅम कमी असेल, तर लुबुंटू हा हलका पर्याय आहे.

पेनड्राइव्हवरून सुरूच होत नाही?

आधी डाउनलोड तपासा. फाईल 5 जीबीपेक्षा मोठी आहे. मोबाईल डेटाची दिवसाची मर्यादा मध्येच संपली, तर ती अर्धवट राहू शकते. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ‘गेट-फाईलहॅश’ कमांड दिली की एक लांबलचक कोड येतो. तो उबुंटूच्या साइटवर दिलेल्या एसएचए256 कोडशी जुळायला हवा. फाईल अधिकृत साइटवरूनच घ्या, पण तिथेही ही तपासणी सोडू नका. फेब्रुवारी 2016 मध्ये लिनक्स मिंटची साइट हॅक करून लोकांना छेडछाड केलेल्या फाईलकडे वळवण्यात आलं होतं.

ही फाईल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही. रुफस किंवा बलेनाएचर वापरा. पेनड्राइव्हवरचा आधीचा डेटा मात्र पुसला जाईल.

त्यानंतर लॅपटॉप सुरू होताना बूट मेन्यू उघडा. बहुतेक डेल आणि लेनोव्होवर एफ12, एचपीवर एफ9. सिक्युअर बूट बंद करायची गरज सहसा पडत नाही.

स्क्रीन काळी पडली?

हा बहुतेक वेळा ग्राफिक्स ड्रायव्हरचा प्रश्न असतो. लॅपटॉप पुन्हा सुरू करा आणि पहिल्या मेन्यूत ‘सेफ ग्राफिक्स’ निवडा.

डेस्कटॉप दिसला की लगेच इन्स्टॉल करू नका. आधी ‘ट्राय उबुंटू’ निवडा. यात हार्ड डिस्कला हात न लावता सिस्टिम पेनड्राइव्हवरून चालते. वायफाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर सगळं तपासून घ्या. वायफाय दिसत नसेल, तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करा.

हार्ड डिस्कच दिसत नाही?

बायोसमध्ये स्टोरेज ‘आरएसटी’ किंवा ‘रेड’ मोडवर असेल, तर असं होतं. ते ‘एएचसीआय’वर न्यावं लागतं. पण विंडोजही ठेवायचं असेल, तर थांबा. तयारीशिवाय हा बदल केला, तर विंडोज सुरू होणार नाही. बिटलॉकर चालू असेल, तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून ठेवा. विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ही बंद करा.

सगळ्यात धोक्याचं बटण कोणतं?

‘इरेज डिस्क’. ते निवडून पुढे गेलात की विंडोज आणि सगळ्या फाईल्स जातात. दोन्ही सिस्टिम हव्या असतील, तर ‘विंडोजच्या सोबत इन्स्टॉल करा’ हा पर्याय निवडा. तो दिसतच नसेल, तर पुढे जाऊ नका. इन्स्टॉल सुरू असताना चार्जर लावलेला असू द्या, मध्येच लाइट गेली तरी बॅटरीवर काम पूर्ण होईल.

इन्स्टॉल झालं, तरी घोळ?

लॅपटॉप थेट विंडोजमध्येच जात असेल, तर बायोसच्या बूट क्रमात उबुंटू वर आणा. विंडोजमधलं घड्याळ साडेपाच तास मागे पडलं, तर घाबरू नका. लिनक्स यंत्रातलं घड्याळ जागतिक वेळेवर ठेवतं, विंडोज त्यालाच भारतीय वेळ समजतं. उबुंटूच्या टर्मिनलमध्ये एक कमांड देऊन हे जुळवता येतं.

मराठी टायपिंगसाठी कीबोर्ड सेटिंग्जमध्ये मराठी जोडा. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे मोफत धडे मराठीतही आहेत.

कोणी विंडोज काढू नये?

झेरॉक्स-डीटीपीचं दुकान श्रीलिपीवर किंवा हिशोब टॅलीवर चालत असेल, तर विंडोज राहू द्या. ही सॉफ्टवेअर विंडोजसाठी बनलेली आहेत. फक्त ब्राउझर, अर्ज, व्हिडिओ आणि अभ्यास एवढंच काम असेल, तर उबुंटू पुरेसं आहे.